सही करण्याआधी कळायला हव्यात अशा इंग्रजी शब्दांच्या जोड्या

अनुवादिनी

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. विम्याची माहितीपत्रकं, सोसायट्यांचे उपविधी, यंत्रांच्या पुस्तिका, करारनामे, जे येईल ते. अवघड शब्दांचं मला भय वाटत नाही, ते कोशात सापडतात. जपावं लागतं ते सोप्या दिसणाऱ्या जोड्यांना. दोन इंग्रजी शब्द, बोलताना दोन्हींना आपण एकच मराठी शब्द लावतो, आणि कागदावर मात्र दोघांचे रस्ते पार वेगळे. या धाग्यावर मला अशाच जोड्या गोळा करायच्या आहेत, ज्यांच्यामुळे माणसाच्या पैशात, घरात, तब्येतीत नाहीतर अब्रूत फरक पडतो.

माझी रीत अशी, की दोन शब्दांचे अर्थ विचारत बसायचं नाही. हा शब्द लागू झाला तर पुढे काय होतं आणि तो झाला तर काय होतं, एवढंच विचारायचं. उत्तर वेगळं आलं की फरक समजला.

सुरुवात पुण्यातल्या घरोघरी ओळखीच्या कागदानं करते. आपण म्हणतो भाडेकरार. कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं 'लीव्ह अँड लायसन्स'. लीज नव्हे, लायसन्स. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे लीज दिली की घेणाऱ्याचा त्या जागेत हक्क तयार होतो. लायसन्सची व्याख्या त्याच वर्षीच्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मध्ये आहे आणि ती निव्वळ परवानगी आहे. जागेत हक्क काही नाही. मुदत संपली की परवानगी संपली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ खाली घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरही राहिलेल्या माणसाला ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं भरपाई द्यावी लागू शकते. "आम्ही भाडेकरू आहोत, आम्हाला असं काढता येणार नाही" हे वाक्य लायसन्सच्या कागदावर टिकत नाही.

याच कागदाबद्दल आणखी एक. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, असं एजंटसुद्धा बेधडक सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. भाडे नियंत्रण कायद्याचंच कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची.

तुमच्या तुमच्या कामातल्या जोड्या सांगा.

नारायण_पेठ

फारच उपयोगी धागा, ताई. घरांचाच विषय आहे तर कार्पेट आणि बिल्टअप घ्या. दोन्हींना आपण 'एरिया' म्हणून मोकळे होतो. आमच्या वाड्याचा पुनर्विकास होताना बैठकांमधून बिल्डरचा माणूस कधी हा शब्द वापरायचा, कधी तो, आणि आकडा मात्र एका दमात सांगायचा. वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटे, एवढं मोठं घर मिळणार.

कार्पेटची व्याख्या आता पक्की आहे, २०१६ च्या रेरा कायद्यात. प्रत्यक्ष वापरायची फरशी. घराच्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती धरत नाहीत. खास तुमच्याच वापराची बाल्कनी आणि उघडी गच्चीही त्यात येत नाही. बिल्टअपमध्ये बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनी येते. आणि 'सुपर बिल्टअप' म्हटलं की जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमचा वाटा. एकाच घराचे तीन आकडे, तिन्ही खरे. बैठकीत आकडा ऐकला की आधी विचारायचं, कोणता?

कोर्टाची_पायरी

वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात काम असतं. ताईंच्या लीज-लायसन्सच्या मांडणीला एक पुस्ती. वर नाव काय लिहिलंय यावर कोर्ट थांबत नाही, आतल्या अटी बघतं. लायसन्स असं शीर्षक देऊन आत सगळे लीजचे हक्क दिले असतील तर वाद होऊ शकतो. म्हणून करार शेवटच्या पानापर्यंत वाचा.

माझ्याकडची जोडी आहे कंडिशन आणि वॉरंटी. दोन्हींना मराठीत सरसकट 'अट' म्हणतात. माल विक्री कायदा १९३० चं कलम १२ दोन्हींत फरक करतं. कंडिशन म्हणजे कराराच्या मूळ हेतूला आवश्यक असलेली अट. ती मोडली तर करार मोडून माल नाकारता येतो. वॉरंटी त्या हेतूला धरून असलेली दुय्यम अट. ती मोडली तर नुकसानभरपाई मिळेल, माल परत करता येणार नाही. आणि दुकानदार ज्याला 'गॅरंटी' म्हणतो ती कायद्यातली गॅरंटीच नव्हे. कायद्यातली गॅरंटी म्हणजे तिसऱ्या माणसानं फेडलं नाही तर मी फेडीन, हे वचन. मित्राच्या कर्जाला 'गॅरंटर' म्हणून सही करणाऱ्यानं हे मनावर कोरून ठेवावं. ती ओळखीची सही नसते, बँक तुमच्याकडे थेट येऊ शकते.

फौजदारी बाजूची एक जोडी अब्रूची आहे: डिस्चार्ज आणि ॲक्विटल. बातमीत दोन्हींना 'सुटका' लिहितात. आरोप निश्चित होण्याआधीच, पुरेसा आधार नाही म्हणून कोर्टानं सोडलं तर तो डिस्चार्ज. खटला पूर्ण चालून आरोप सिद्ध झाला नाही तर ॲक्विटल. पुढे काय होतं बघा. डिस्चार्जनंतर नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. ॲक्विटलविरुद्ध अपील होऊ शकतं, पण तो निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी नव्यानं खटला चालवता येत नाही. आपल्या कोर्टाच्या मराठीत यासाठी दोन नीट शब्द आहेत, 'दोषमुक्त' आणि 'निर्दोष मुक्त'. ते वापरायचा आळस होतो, याचं वाईट वाटतं.

अनुवादिनी

वकीलसाहेब, शेवटचं वाक्य अगदी पटलं. पोलिसांच्या मराठीत तर असे शब्द ठासून भरले आहेत. थेफ्ट म्हणजे चोरी, रॉबरी म्हणजे जबरी चोरी, एक्स्टॉर्शन म्हणजे खंडणी. डेकॉइटी म्हणजे दरोडा, आणि हा इंग्रजी शब्द तर आपल्याकडूनच तिकडे गेलेला. तरी चौघांनी दुकान लुटलं की मथळा 'दरोडा' असाच येतो.

कोर्टाची_पायरी

बरोबर. दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात. भारतीय दंड संहितेत ते कलम ३९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१० आहे. चौघं असतील तर जबरी चोरी. शिक्षेत फरक पडतो.

गेज_ब्लॉक

चाकणला क्वालिटीत आहे. आमच्याकडची रोजची जोडी ॲक्युरसी आणि प्रिसिजन. दोन्हींना 'अचूकता' म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

समजा २०.०० मिलिमीटरचा मास्टर, म्हणजे माप पक्कं ठाऊक असलेला प्रमाण तुकडा, घेतला आणि व्हर्नियरनं चार वेळा मोजला. २०.०८, २०.०८, २०.०७, २०.०८. मोजमापं एकमेकांना चिकटून आहेत, पण खऱ्या आकड्यापासून लांब. प्रिसिजन आहे, ॲक्युरसी नाही. आता दुसरा व्हर्नियर: १९.९५, २०.०६, २०.०१, १९.९८. सरासरी बरोबर २०.००, पण प्रत्येक वेळी वेगळीकडे. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्याचं शून्य सरकलंय, ते तपासून नीट करता येतं. दुसऱ्याचं काही सांगता येत नाही, जॉ झिजलाय, सरकपट्टी सैल आहे, की मोजणाऱ्याचा दाब दर वेळी बदलतोय. नवीन मुलं दुसऱ्याला चांगला म्हणतात, कारण सरासरी जुळते. पण भाग मोजताना सरासरी कोण काढतो? एकदाच मोजून पुढे सोडतात. काटेकोर बोलायचं तर मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ५७२५ मध्ये, सरासरी खऱ्या आकड्याच्या किती जवळ आहे याला 'ट्रूनेस' म्हणतात, आणि ट्रूनेस व प्रिसिजन मिळून ॲक्युरसी. शॉपवर एवढं कोणी म्हणत नाही, पण ऑडिटला विचारतात.

दुसरी जोडी रीवर्क आणि रिपेअर. मराठीत दोन्ही 'दुरुस्ती'. बोअर, म्हणजे भागातलं भोक, लहान राहिला, परत मशीनवर चढवून ड्रॉइंगच्या मापात आणला, तो रीवर्क. भाग आता ड्रॉइंगप्रमाणे आहे. बोअर मोठा झाला, त्यात बुश, म्हणजे छोटं नळकांडं, ठोकून चालेलसा केला, तो रिपेअर. काम देईल, पण ड्रॉइंगप्रमाणे तो कधीच होणार नाही, आणि ग्राहकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पाठवायचा नसतो. रिपोर्टात 'दुरुस्त करून पाठवला' एवढंच लिहिलं तर नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

आणि सेफ्टी, सिक्युरिटी. दोन्ही 'सुरक्षा'. आमच्याकडे पाटी होती, 'धोका दिसल्यास सुरक्षा विभागाला कळवा'. नवा मुलगा तेल सांडल्याचं सांगायला थेट गेटवरच्या वॉचमनकडे चालत गेला. तोवर दुसरा एक जण त्या तेलावरून घसरला होता. ताई, या पाटीला काय लिहावं?

अनुवादिनी

गेज_ब्लॉक, अपघात टळावा म्हणून जे करतो त्याला 'सुरक्षितता' ठेवा आणि चोरी-घुसखोरी रोखणाऱ्यांना 'सुरक्षारक्षक'. 'सुरक्षा' हा एकटा शब्द पाटीवर नकोच. आणि विभागाचं नाव लिहिण्यापेक्षा माणूस कुठे बसतो आणि फोन कोणता हे लिहा. पाटी वाचणाऱ्याला त्या घडीला तेवढंच हवं असतं.

निवृत्त_मास्तर

चर्चा छान चालली आहे, पण मूळ भाषेकडेही थोडं लक्ष द्यावं. 'लेस' आणि 'फ्यूअर' यांतला फरक आज कोणी पाळत नाही. मोजता येतं तिथे फ्यूअर, मोजता येत नाही तिथे लेस. इंग्रजी वर्तमानपत्रंसुद्धा चुकतात. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल तसंच. शनिवारवाड्याची पायाभरणी ही हिस्टॉरिक घटना, आणि वाड्याच्या खर्चाची नोंद असलेला मोडीतला कागद हा हिस्टॉरिकल दस्तऐवज. भाषा ढिली सोडली की विचारही ढिला होतो असं माझं ठाम मत आहे.

कोशवेडा

मास्तर, हिस्टॉरिकबद्दल सहमत. लेस-फ्यूअरबद्दल मात्र नाही. इंग्रजीत मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' हजार वर्षांपासून वापरात आहे. फ्यूअर बरं वाटतं असं १७७० साली रॉबर्ट बेकर या लेखकानं स्वतःची आवड म्हणून लिहिलं, आणि पुढच्यांनी त्याचा नियम केला. ताईंची कसोटी इथे लावून बघा. एखाद्यानं फ्यूअरच्या जागी लेस म्हटलं तर पुढे काय वेगळं घडतं? काहीच नाही, ऐकणाऱ्याला तेच कळतं. उलट 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' घ्या. पहिला म्हणजे ज्याचा त्या प्रकरणात हितसंबंध नाही, दुसरा म्हणजे ज्याला त्यात रस नाही. लवाद पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा मुळीच नको. हा फरक जपायला मी तुमच्याबरोबर उभा राहीन.

जाता जाता, पुण्याशी नातं असलेली एक गोष्ट. डेक्कन कॉलेज ज्या पाठशाळेतून वाढलं ती १८२१ साली विश्रामबाग वाड्यात सुरू झाली, आणि तिचं काम पुढे पाहिलेल्या मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. मोल्सवर्थ उघडला की एका शब्दापुढे तो कुठे, कोणत्या संदर्भात वापरतात हे लिहिलेलं सापडतं, नुसता प्रतिशब्द नाही. आज मोबाईलवरच्या भाषांतरात हेच हरवतं. शब्दापुढे शब्द येतो, वापर येत नाही.

निवृत्त_मास्तर

बेकरचं ठाऊक होतं. तरी मुलांना मी फ्यूअरच शिकवीन, परीक्षेत तेच विचारतात. डिसइंटरेस्टेडचं उदाहरण उत्तम, वर्गात वापरतो.

वॉर्डातली_ताई

मी परिचारिका आहे. माझ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची जोडी ॲलर्जी आणि साईड इफेक्ट. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द, 'रिॲक्शन आली'. रुग्ण दाखल करताना आम्ही विचारतो, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? नातेवाईक सांगतात, हो, अमुक गोळीची रिॲक्शन येते. काय झालं होतं विचारलं तर कळतं, मळमळलं, पोट बिघडलं. तो साईड इफेक्ट. अँटिबायोटिकनं पोट बिघडणं पुष्कळदा होतं. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या औषधावर उठते. अंगावर गांध्या येतात, ओठ आणि डोळे सुजतात, घसा आवळतो, श्वास लागतो.

पुढे काय होतं ते सांगते. एकदा केसपेपरवर लाल शाईनं 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलं गेलं की त्या गटातली सगळी औषधं बाजूला पडतात, आणि उपयोगी पडलं असतं तेच औषध देता येत नाही. उलटही वाईट. खरी ॲलर्जी 'थोडी रिॲक्शन आली होती' म्हणून सांगितली आणि कोणी खोदून विचारलं नाही, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हात जोडून सांगते, शब्द सांगू नका, काय झालं ते सांगा. गोळी घेतल्यावर किती वेळानं, अंगावर काय उठलं, श्वास लागला का, इंजेक्शन द्यावं लागलं का.

साईन आणि सिम्प्टम हीही जोडी आहे, दोन्ही 'लक्षण'. रुग्णाला जाणवतं आणि तो सांगतो ते सिम्प्टम, तपासणाऱ्याला दिसतं ते साईन. चक्कर येते हे सिम्प्टम, बीपी उतरलेलं दिसलं हे साईन.

कोशवेडा

आयसोलेशन आणि क्वारंटाइन राहिलं की, ताई.

वॉर्डातली_ताई

हो. आजारी माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. आजाऱ्याच्या संपर्कात आलेल्या पण अजून धडधाकट असलेल्या माणसाला वेगळं ठेवणं म्हणजे क्वारंटाइन. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविडचे रुग्ण पुण्यातच सापडले, आणि नंतरच्या दिवसांत दोन्हींना लोक 'क्वारंटाइन केलं' एवढंच म्हणायचे. त्यामुळे चौदा दिवस घरी थांबायला सांगितलेल्या निरोगी माणसालाही शेजारी रुग्ण समजून दार लावून घ्यायचे. ते बघवत नव्हतं.

पुण्यानं हे आधीही सोसलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांना प्लेगच्या इस्पितळात नेत आणि घरातल्या बाकीच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात. घरच्यांच्या दृष्टीनं दोन्ही म्हणजे गोऱ्या शिपायांनी माणूस उचलून नेणं. दोन्हींतला फरक त्यांना त्यांच्या भाषेत कोणी नीट सांगितला असता तर निदान धास्ती थोडी कमी झाली असती, असं मला मनापासून वाटतं.

सिमला_ऑफिस_स्टॉप

नाव बघून कळलं असेल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. वेदर आणि क्लायमेट, दोन्ही आपल्याकडे 'हवामान'. हवामान अंदाज म्हणजे वेदर, हवामान बदल म्हणजे क्लायमेट. वेदर आजचं, उद्याचं. क्लायमेट साधारण तीस वर्षांच्या नोंदींतून काढतात. डिसेंबरात दोन दिवस थंडी पडली की "कुठंय तापमानवाढ?" असं म्हणणाऱ्याचा घोटाळा इथे होतो.

पण मला जास्त तळमळ आहे ती इशाऱ्यांच्या रंगांबद्दल. आपण सरसकट 'यलो अलर्ट', 'ऑरेंज अलर्ट', 'रेड अलर्ट' म्हणतो. खात्याच्या भाषेत पिवळा म्हणजे 'वॉच', लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे 'अलर्ट', तयारीत राहा. लाल म्हणजे 'वॉर्निंग', कृती करा. नदीकाठच्या सोसायटीला ही तीन वेगळी कामं आहेत. पिवळ्याला बातम्या बघत राहायचं. नारिंगीला तळघरातल्या गाड्या वर काढायच्या, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत भरायची. लाल आला की घाटात सहलीला निघायचं नाही, काठावर पाणी बघायला जायचं नाही. तिन्हींना अलर्ट म्हटल्यानं तिन्ही सारखेच वाटतात, आणि पिवळ्याला काही झालं नाही म्हणून लोक लालकडेही दुर्लक्ष करतात.

अनुवादिनी

हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकते. हरकत नसावी.

विम्याची जोडी मीच देते. 'सम अशुअर्ड' आणि 'सम इन्शुअर्ड', दोन्ही 'विमा रक्कम'. आयुर्विम्यात घटना घडली की ठरलेली रक्कम मिळते, ती सम अशुअर्ड. आरोग्य विम्यात बहुतेक वेळा सम इन्शुअर्ड असते, म्हणजे कमाल मर्यादा. पाच लाखांची पॉलिसी आहे आणि बिल दोन लाख झालं, तर बिलापुरतंच मिळणार, तेही अटी बघून. ठरावीक आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे देणाऱ्या पॉलिसी वेगळ्या.

पाषाण_रोड

खूप दिवस वाचतोय, आज लिहितो. वडील गेले. आईचं बँकेतलं खातं नीट करायचंय. फॉर्मवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' आणि 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असे दोन पर्याय आहेत. नॉमिनीच्या रकान्यातही 'सायमल्टेनियस' की 'सक्सेसिव्ह' विचारलंय. काउंटरवर विचारलं तर "काहीही टिक करा, सारखंच आहे" म्हणाले. आईला तिच्या पैशावर तिचाच ताबा हवा आहे. आम्ही दोघं भावंडं.

कोर्टाची_पायरी

वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. सारखं नाही. आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी कोणीही, कधीही पैसे काढू शकतो. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत फक्त त्याचीच सही चालते, दुसऱ्याचा व्यवहार त्याच्यानंतर सुरू होतो. आईंचं नाव पहिलं घाला आणि फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर घ्या. उलट, आईंना बँकेत जाणं जमत नसेल आणि रोजचा व्यवहार तुम्हीच बघणार असाल तर आयदर सोयीचं, पण मग ताबा दोघांचा.

नॉमिनीचा नियम नवा आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. सायमल्टेनियस म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी, तुम्ही लिहिलेल्या टक्क्यांप्रमाणे, आणि टक्क्यांची बेरीज शंभर यायला हवी. सक्सेसिव्ह म्हणजे क्रमानं, पहिला हयात नसेल तरच दुसरा. लॉकरला फक्त सक्सेसिव्ह चालतं.

आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, मालकी मात्र मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. शेअरच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आईंनी मृत्युपत्र केलेलं बरं. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

पाषाण_रोड

फॉर्मर, आईचं नाव पहिलं. नॉमिनी आम्ही दोघं भावंडं, सायमल्टेनियस, पन्नास-पन्नास. सोमवारी जातो. मृत्युपत्राचं आईशी आजच बोलतो. मनापासून आभार.

कोर्टाची_पायरी

थांबा, एक राहिलं. खात्यावर दुसरं नाव तुमचं घालणार असाल तर आईंनंतर पैसे बँक तुम्हाला देईल, नॉमिनीची पाळी त्यानंतर येईल. बहीण-भाऊ दोघांनाही हे आधीच माहीत असू द्या, आणि फॉर्म भरल्याची पोच घ्या. पासबुकावर नॉमिनेशनची नोंद आली का, तेही बघा.